पहिल्या हाकेला ओ

मामा: नावं सांग फक्त. तुझ्या त्या लाटा, टेकड्या, रंगीत नकाशे ठेव तुझ्यापाशी. कोणाकोणाचं कामावर लक्ष नसतं, एवढं सांग आणि मोकळी हो.

भाची: नावं मिळणार नाहीत, मामा. डोक्यावर टोपी चढवायच्या आधी मी प्रत्येकाला शब्द दिलाय.

मामा: त्यांना शब्द दिलास. आणि तुला साइट कोणी दिली? किती कंपन्यांचे उंबरे झिजवून आली होतीस, आठव. बांधकामावरच्या माणसांचा मेंदू तपासायचाय म्हटल्यावर लोक म्हणत होते, आधी सापडतो का बघा. मीच म्हटलं ना, माझ्या बहिणीची पोर आहे, घालू दे टोप्या?

भाची: म्हटलंस. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुझे आभार येणार आहेत, ठळक अक्षरात.

मामा: आभारांचं लोणचं घालायचंय का? जेवणाच्या सुट्टीनंतर सेफ्टी कमिटी बसतेय, इथेच, शेजारच्या कंटेनरमध्ये. त्यांच्यापुढे मला एक गोष्ट ठेवायचीय. माणसं लक्ष देत नाहीत म्हणून पडतात, आणि हे मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं. शास्त्र माझ्या ताईची मुलगी आहे, एवढं मी सांगणार नाही.

भाची: म्हणजे घरचं माणूस वापरायचं, पण दाखवायचं नाही.

मामा: जीभ अगदी आईची घेतलीस.

भाची: डोकं तरी तुझ्यावर गेलं नाही, हे नशीब. तुझ्या टकलावर तारा चिकटवायला मात्र सगळ्यात सोपं गेलं, हं. बाकीच्यांच्या केसांत जेल भरता भरता माझी बोटं सुजली. एक जण म्हणाला, बाई, एवढं तेल-पाणी माझ्या लग्नातही कोणी केलं नव्हतं.

मामा: कोण म्हणाला? गवंड्यांतला असेल.

भाची: बघ, लगेच नाव. तू बस आधी. खुर्ची ओढ, दार लाव. बाहेर ड्रिल चालू आहे, मला ओरडून बोलावं लागतंय. आणि कमिटीपुढे तू नक्की काय ठेवणार आहेस, ते मला नीट सांग.

मामा: शिडीचं प्रकरण. तुला माहीतच आहे.

भाची: मला एवढंच माहीत आहे की शिडी नावाचा एक उंच माणूस सळईच्या कामावर होता, आणि मी यायच्या आदल्या महिन्यात तो पडला. लोक त्याच्याबद्दल माझ्याशी बोलायला लागले की मध्येच थांबतात. पुढचं तू सांग.

मामा: सांगण्यासारखं काय आहे त्यात. चौथ्या स्लॅबमध्ये पाइपांसाठी भोक सोडलेलं होतं, माणूस जाईल एवढं. त्यावरची फळी प्लंबरवाल्यांनी सरकवली आणि तशीच ठेवली. ती चूक त्यांची, ते मी लिहिलंय. पण दिवसाढवळ्या, डोळ्यांसमोर भोक असताना माणूस चालत चालत त्यात कसा जातो? एक मजला खाली. खुबा मोडला. का, तर मोबाईल. मी या खिडकीतून स्वतः पाहिलं. त्याचा हात कमरेकडे गेला, मान खाली गेली, आणि माणूस दिसेनासा झाला.

भाची: मोबाईल पाहिलास तू?

मामा: हात पाहिला. कमरेला हात कशाला जातो? आणि साक्षीदार आहे. फोरमनची सही आहे.

भाची: फोरमनकाका? ते तर शिडीचे सासरे ना?

मामा: म्हणूनच त्या सहीला वजन आहे. सख्खा सासरा जावयाविरुद्ध खोटं कशाला लिहील?

भाची: कमिटीने ते मान्य केलं तर?

मामा: नियम सगळ्यांना सारखा. कामाच्या जागी मोबाईल म्हणजे स्वतःचा निष्काळजीपणा. परत कामावर घेत नाहीत, आणि दवाखाना ज्याचा त्याने बघायचा. मला काय हौस आहे का? माझा आवडता माणूस होता तो. पण एकाला सोडलं की उद्या सगळे कमरेला हात लावत फिरतील.

भाची: बरं. आता माझं ऐक. मध्ये बोलू नकोस.

मामा: मी मध्ये बोलतो का कधी?

भाची: हे बघ, हेच. तर, मी काय केलं. माणूस खुर्चीत बसवला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर तो चष्मा. टोपी सांगते मेंदूत काय चाललंय, चष्मा सांगतो नजर कुठे आहे. समोर पडद्यावर तुझ्याच साइटचं चित्रीकरण. धोका दिसला की बटण दाबायचं. लोंबणारी तार, कठडा नसलेला जिना, उघडं भोक.

मामा: मीही केलं की ते. पोरखेळ आहे.

भाची: तुझ्याकडे येणार आहे मी, घाई करू नकोस. डोळ्याला दिसणं वेगळं आणि मेंदूने दखल घेणं वेगळं. डोळा काय, उघडा असला की सगळ्याला भेट देऊन येतो. मेंदूने दखल घेतली की ही अशी लाट उठते. ही उठली की माणूस सावध झाला म्हणायचं. ही तुझी माणसं. सगळ्यांची सरासरी. काय दिसतंय?

मामा: उठतेय की. चांगली उठतेय.

भाची: चांगली नाही, उत्तम. मी प्रयोगशाळेत शिकलेल्या पोरांवर हीच चाचणी घेतली होती, त्यांच्याहून चांगली. तुझ्या माणसांचं लक्ष नाही, हे तुझं म्हणणं इथेच गेलं.

मामा: मग तुझ्या मशिनचा काही उपयोग नाही.

भाची: थांब. हा पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात तेच चित्रीकरण, तेच धोके. फक्त धोका यायच्या किंचित आधी वॉकीटॉकीवर एक आवाज ऐकवला. ही त्याची लाट.

मामा: कुठे आहे?

भाची: हीच.

मामा: ही तर सपाट रेघ आहे. बंद पडलं होतं का मशीन?

भाची: मशीन चालू होतं. चष्म्याची नोंद बघ, नजरसुद्धा भोकावर गेलीय. डोळा जाऊन आला, घरात मात्र कोणी नव्हतं. बटण कोणीच दाबलं नाही. आवाजानंतर थोडा वेळ असाच जातो, मग लाट पुन्हा यायला लागते. तोवर पडद्यावरचा माणूस भोक ओलांडून गेलेला असतो. किंवा नसतो.

मामा: आवाज कसला? भोंगा? भोंग्याने कोणीही दचकेल.

भाची: भोंगा पण लावून पाहिला. भोंग्याने लाट वाढते. आता ऐकवते, हा आवाज.

मामा: ऐकव.

भाची: ऐक.

मामा: हे... हे कधी रेकॉर्ड केलंस?

भाची: पहिल्याच आठवड्यात. तुला विचारून. तू म्हणालास, घे घे, माझं काही लपवायचं नाही.

मामा: बंद कर ते.

भाची: अजून थोडं आहे.

मामा: बंद कर म्हटलं ना. मी असा बोलतो?

भाची: हा त्यातला बरा दिवस होता.

मामा: अगं, साइट आहे ही, वाचनालय नाही. पंप चालू, कटर चालू, क्रेन चालू. गोड आवाजात कोण ऐकणार? माझी शिस्त आहे, पहिल्या हाकेला ओ आलीच पाहिजे. दुसऱ्यांदा हाक मारायला लावायची नाही. कुठल्याही साइटवर जा, मॅनेजर घसा फोडत बसतो. माझ्याकडे नाव घेतलं की ओ आली पाहिजे, आणि येते. मोठे साहेब पाहुण्यांना आणून दाखवतात.

भाची: आणि ओ नाही आली तर?

मामा: काही नाही. गेटवर उभं राहायचं. हेल्मेट हातात धरून, सुट्टी होईपर्यंत. मारत नाही, कापत नाही. थोडी लाज वाटावी, एवढंच.

भाची: जाणारा-येणारा बघत असतो.

मामा: म्हणून तर लाज वाटते. माणूस म्हणजे कुलूप आहे का, किल्लीने उघडायला? माणसाला लाजच वळवते.

भाची: लाजेचा मेंदूत पत्ता असतो, मामा. मोठं घर आहे तिचं. ती आली की बाकीच्यांना बाहेर काढते. आता हे शेवटचं बघ. हे मी माणसांचंच चित्रीकरण केलंय, बाजूने. चेहरे झाकलेत, त्यामुळे नावं शोधत बसू नकोस. टोपी घालून खुर्चीत बसलाय. आता तुझा आवाज येईल. हातांकडे बघ.

मामा: काय बघू?

भाची: उजवा हात.

मामा: कमरेकडे गेला.

भाची: आणि मान?

मामा: खाली.

भाची: हा दुसरा. हा तिसरा. हा एक डावखुरा आहे, त्याचा डावा गेला. आणि कमरेला काय आहे?

मामा: वॉकी.

भाची: नाही. वॉकी मी सगळ्यांचे काढून टेबलावर ठेवले होते. कमर रिकामी आहे. तरी हात जातोय.

मामा: पुन्हा लाव.

भाची: किती वेळा लावू?

मामा: एकदाच. लाव.

भाची: बघ.

मामा: हं.

भाची: मामा?

मामा: पाणी आहे का तिथे?

भाची: घे. हळू पी. एक विचारू? नाही सांगितलंस तरी चालेल. शिडी पडला तेव्हा तू खिडकीतून बघत होतास, ते कळलं. पण नुसता बघत होतास?

मामा: विचारलं होतं फक्त. सळयांभोवती बांधायच्या रिंगा कमी पडल्यात का, एवढंच.

भाची: हाक मारून?

मामा: मग काय चिठ्ठी पाठवून?

भाची: म्हणजे हो.

मामा: तू ना, वकील व्हायला हवी होतीस. हो, मारली हाक. पण त्याचा याच्याशी काय संबंध? धडधाकट माणूस आहे, बोलता बोलता चालता येत नाही? मी असतो तर मला दिसलं असतं ते भोक. झोपेत दिसलं असतं.

भाची: नसतं दिसलं.

मामा: मला शिकवू नकोस. अर्धं आयुष्य स्लॅबवर गेलंय माझं.

भाची: तुझी चाचणी आहे माझ्याकडे. तुझ्या पहिल्या फेऱ्यात लाट सगळ्यांत उंच होती, अनुभव दिसतो. दुसऱ्या फेऱ्यात तुला तुझाच आवाज लावून काय उपयोग? म्हणून मोठ्या साहेबांच्या फोनची रिंग लावली.

मामा: ती तुला कुठे मिळाली?

भाची: तुझ्याच फोनमधून. त्यांच्यासाठी वेगळी ठेवलीयस ना. घरात वाजली की मामी टीव्ही बंद करते, सगळ्यांना माहीत आहे. ती वाजली आणि तुझी सपाट रेघ. उघडं भोक समोर असताना तू उजवा हात शर्टच्या खिशाला लावलास. फोन माझ्या टेबलावर होता.

मामा: हे कोणाला दाखवलंस?

भाची: कोणाला नाही. तुझंही नाव देणार नाही, शब्द तुलाही दिलाय.

मामा: बरं. आता एक काम कर. हा दुसरा फेरा आहे ना, तो सध्या राहू दे. पहिला दाखव. माणसं चांगली आहेत, लक्ष चांगलं आहे, छान. मी शिडीचंही थोडं मऊ करायला सांगेन. दुसरा फेरा पुढच्या वर्षी काढ, दुसऱ्या साइटवर.

भाची: नाही, मामा.

मामा: घरचीच आहेस म्हणून सांगतोय.

भाची: घरची आहे म्हणून ऐकतेय. पण तू घाबरू नकोस. अहवालात तुझं नाव कुठेच नाही, साइटचंही नाही. मी लिहिलंय, पर्यवेक्षकाचा आवाज. बस. कमिटीतल्या कोणाला ते शिडीच्या पडण्याशी जोडता येणार नाही. तू हाक मारली होतीस, हे त्यांना माहीतच नाही. तुझ्या अंगावर काही येत नाही.

मामा: खरंच?

भाची: खरंच. हवं तर वाचून बघ. तू आत जा, हात कमरेला गेला म्हण, सही दाखव, बाहेर ये. माझ्या कागदाने तुझं काही अडत नाही.

मामा: मग तू मला हे सगळं दाखवलंस कशाला?

भाची: कारण मला एकटीला माहीत असणं जड व्हायला लागलं. आणि खरं सांगू? पहिल्यांदा ही रेघ सपाट आली ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. इतका स्वच्छ निकाल लोकांना आयुष्यात मिळत नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, पेढे आण. मग अंघोळ करताना डोक्यात आलं की या स्वच्छ रेघेवरून चालत जाऊन एक माणूस खाली पडलाय. तो पडला नसता तर तू मला साइटवर घेतलंही नसतंस. त्यानंतर माझं तोंड मलाच बघवेना. तेव्हा तू एकटा नाहीस, एवढंच.

मामा: माझं तुझ्यासारखं नाही.

भाची: म्हणजे?

मामा: मी पुन्हा मारली होती हाक.

भाची: कधी?

मामा: ओ आली नाही म्हणून. मला वाटलं, वाकून काहीतरी उचलतोय, म्हणून दिसत नाही. भोकाचं मला काय माहीत. मी म्हटलं... जाऊ दे.

भाची: काय म्हटलंस?

मामा: जे म्हणतो ते. झोपलास का, म्हटलं. आजचा दिवस गेटवर, म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

(दारावर टकटक होते. फोरमन हेल्मेट काढून आत डोकावतो.)

फोरमन: साहेब, कमिटीची माणसं आलीत. चहा दिलाय. मला जबाबाला बोलावलंय म्हणे. काय, कसं सांगायचं, ते एकदा तुमच्याकडून ऐकून घ्यावं म्हटलं. डॉक्टरीणबाई, बऱ्या आहात ना?

भाची: बरी आहे, काका. बसा.

फोरमन: बसत नाही, पँटला सिमेंट आहे. तुमची खुर्ची खराब व्हायची.

मामा: बसा, फोरमन.

फोरमन: बसतो.

मामा: जावई कसा आहे?

फोरमन: आहे. कुशीवर वळता येत नाही अजून. बाकी खातोपितो.

मामा: आणि मुलगी?

फोरमन: तीही आहे.

भाची: तुमच्याकडेच आहेत ना दोघं?

फोरमन: होती. माझी सही झाल्याचं तिला कळलं, त्या दिवशी नवऱ्याला रिक्षात घातला आणि त्यांच्या खोलीवर गेली. उचलायला शेजारचे आले, मला हात लावू दिला नाही. रोज कामावरून जाताना दारावर थांबतो. तिची आई डबा देते. ती डबा घेते, दार लावते. बोलत नाही. मी म्हटलं, जाऊ दे. लहानपणी पण अशीच होती, रुसली की दोन दोन दिवस. आता जरा लांबलंय.

मामा: फोरमन, एक विचारतो. त्या दिवशी माझी हाक ऐकली होती तुम्ही?

फोरमन: कुठली, साहेब?

मामा: शिडीला मारलेली.

फोरमन: हाक काय, सगळ्या वॉकींवर येते. सगळ्यांनी ऐकली असणार.

मामा: तो पडायच्या आधी का नंतर?

फोरमन: साहेब, झालं ते झालं.

मामा: मी विचारतोय.

फोरमन: आधी एक. नंतर एक.

मामा: नंतरची तुम्ही कुठे ऐकलीत?

फोरमन: मी तोवर पळत खालच्या मजल्यावर पोचलो होतो. तो पालथा पडला होता. वॉकी त्याच्या पोटाखाली. तिथून तुमचा आवाज येत होता. तो ओ द्यायला बघत होता. बटण सापडत नव्हतं त्याला. मीच मग हात घालून बंद केला.

मामा: मोबाईल होता त्याच्या हातात?

फोरमन: मोबाईल जेवणाच्या पिशवीत होता. पिशवी झाडाला.

मामा: मग मी तुम्हाला विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत?

फोरमन: तुम्ही तसं विचारलं नव्हतं, साहेब. तुम्ही म्हणालात, मोबाईल होता ना हातात. मी हो म्हटलं. तुम्ही काही विचारलं की आधी हो निघतं तोंडातून. काय विचारलं ते मागाहून कळतं. इतक्या वर्षांची सवय. घरी गेल्यावर कळलं मी काय बोललो. मग वाटलं, सकाळी येऊन सांगावं. सकाळी तुम्ही कागद पुढे केला, पेन पण तुमचंच दिलं. केली सही.

भाची: काका, तुम्हाला कोणी दोष देत नाहीये.

फोरमन: द्यायला कशाला पाहिजे, बाई. माझा मी घेतलाय.

मामा: कमिटीपुढे असं मांडू. ऐका दोघंही. संपर्क यंत्रणेत त्रुटी होती. वॉकीचा वापर कुठे करायचा, कुठे नाही, याचे नियम ठरलेले नव्हते, त्यामुळे कामगाराचं लक्ष विचलित झालं. मोबाईल शब्द काढून टाकू. दवाखाना मिळेल त्याला, काम पण मिळेल. कोणाचं नाव नाही, कोणावर काही नाही. चालेल?

फोरमन: चालेल, साहेब.

मामा: तुम्ही पण तसंच सांगा. यंत्रणेत त्रुटी.

फोरमन: सांगतो. यंत्रणेत त्रुटी.

मामा: तू काही बोलत नाहीस.

भाची: मी काय बोलू? भाषा चांगली आहे. माझ्या प्रबंधात पण शोभेल.

मामा: टोमणा मारू नकोस.

भाची: टोमणा नाही. त्रुटीला चेहरा नसतो, गेटवर उभं राहावं लागत नाही तिला. मी फक्त काकांकडे बघत होते. तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते चालेल म्हणाले. आणि त्यांचा हात कुठे गेला, ते तू पाहिलंस का?

फोरमन: माझा हात? कुठे गेला? काही चुकलं का, साहेब?

मामा: नाही. तुमचं नाही चुकलं. वॉकी काढून ठेवा तुमचा.

फोरमन: काढू? काम चालू आहे वर, कोणी हाक मारली तर...

मामा: हाक मीच मारतो. मी इथे आहे. ठेवा तो टेबलावर.

फोरमन: ठेवतो.

मामा: आता मी विचारतो ते नीट ऐका, आणि लगेच उत्तर देऊ नका. थोडं थांबा. मग सांगा. यंत्रणेत त्रुटी होती का?

फोरमन: ...

मामा: थांबा, थांबा. घाई नाही.

फोरमन: नव्हती, साहेब. वॉकी चांगले होते. नवे होते. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

मामा: हं.

भाची: मामा, कमिटी वाट बघतेय.

मामा: बघू दे. फोरमन, तुम्ही आत येऊ नका. तुमच्या जबाबाची गरज पडणार नाही. ती सही माझ्या सांगण्यावरून झाली, हे मी सांगेन. मी हाक मारली तेव्हा तो चालत होता. ओ देण्यासाठी त्याचा हात गेला. ती हाक लगेच मारायची काही गरज नव्हती, रिंगांचं तासाभराने विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मी खिडकीत उभा होतो आणि मला ओ ऐकायची होती. असं सांगतो. हे... बरोबर आहे का? का कमी पडतंय?

भाची: दुसरी हाक?

मामा: ती पण सांगायची?

भाची: तुला विचारतेय मी.

मामा: ती ऐकली की तिथले सगळे माझ्याकडे बघतील.

भाची: बघतील.

मामा: मोठे साहेब पण आहेत आत.

भाची: आहेत.

मामा: त्यांनी साइट काढून घेतली तर ताईला तू सांग. मला नाही सांगता येणार. ती म्हणेल, लहानपणी पण असाच केकाटायचास.

भाची: म्हणेलच. वर जेवायलाही घालेल.

मामा: दुसरी पण सांगतो. फोरमन, संध्याकाळी मी तुमच्याबरोबर येतो. मुलीच्या खोलीवर. तुमचा दोष नव्हता, हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. शिडीपुढे पण... त्याच्यापुढे मला जायचं आहे. म्हणजे जायचं नाहीये. पण गेलं पाहिजे.

फोरमन: नका येऊ, साहेब.

मामा: का? राग काढेल ना? काढू दे. चार शिव्या देईल, ऐकून घेतो.

फोरमन: शिव्या दिल्या असत्या तर मीच घेऊन गेलो असतो तुम्हाला.

मामा: मग?

फोरमन: तुम्ही दारात दिसलात की ती डोक्यावरून पदर घेईल. तो पलंगावर उठून बसायला बघेल, वळता येत नाही तरी. आणि ती तुमच्यासाठी चहा टाकेल. म्हणून नका येऊ.